‘अखंड चालू’च्या पाटीमागे

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं तापलेलं आहे. पंखे ठणठणीत आहेत. मला राग आला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे भाग जोडले, मला तासन् तास पळवून पाहिलं आणि खोक्यात घालून एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे तळघरातल्या थंडगार खोलीत मला जागा मिळाली. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध किती द्यायचं, हे डॉक्टर माझ्यात लिहून ठेवत. वरच्या वॉर्डांतल्या सिस्टर आपापल्या संगणकावरून मला विचारत आणि मी क्षणात उत्तर देई. कामाला मी वाघ होतो.

मी कधी बंद पडलो नाही, याचं संगणक विभागाच्या साहेबांना फार कौतुक. त्यांनी माझ्या कपाटावर ‘अखंड चालू’ अशी पाटी लावली. खाली दिवसांचा आकडा. तो रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने बदलत आणि आल्यागेल्याला दाखवत. माझ्या जाळीत साचलेली धूळ मात्र त्यांना कधी दिसली नाही.

मग कळलं, की माझ्यातल्या एका सॉफ्टवेअरला भोक आहे. ठरावीक तऱ्हेने मागणी केली, की ते पासवर्ड न विचारताच कोणालाही आत घेतं. बनवणाऱ्यांनी दुरुस्ती पाठवली, ती माझ्यात भरलीही गेली. पण मला बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय ती लागू होणार नव्हती. आणि बंद केलं की पाटीवर शून्य! साहेबांनी ‘दुरुस्ती झाली’ असं वर कळवून टाकलं. औषध आणून कपाटात ठेवलं म्हणून कधी ताप उतरतो का?

माझी देखभाल करणाऱ्या ताईला शंका आली. तिने बाहेरून दार ढकलून पाहिलं. ते उघडलं. साहेब आकडा बदलायला खाली आले, तेव्हा ती लॅपटॉप घेऊन समोर उभी राहिली.

“सर, पासवर्ड न टाकता आत आलेय मी. ही मुलांच्या वॉर्डातली पोरगी, हृदयाची पेशंट. हा तिचा डोस. यातलं नुसतं दशांशाचं टिंब पुसलं तर?”

“अहो, पण दुरुस्ती झालीय ना?”

“फाईल बदललीय, सर. चालतंय जुनंच. आत्ताच्या आत्ता बंद करायला हवं.”

“पुढच्या आठवड्यात हजार दिवस भरतायत. अध्यक्ष येणारेत. तेवढं होऊ द्या, मग बघू.”

“त्या हजार दिवसांचं काय लोणचं घालायचंय, सर?”

तेवढ्यात तिची नजर माझ्या नोंदींवर गेली. त्याच दारातून पहाटे कोणीतरी येऊन गेलं होतं. रुग्णालयातलं नव्हतं.

मग ताईने कोणालाच विचारलं नाही. बाहेर जाणारी तार तिने उपटली. मुलांच्या वॉर्डात फोन लावला, “सिस्टर, स्क्रीनवरचा डोस कोणालाही देऊ नका! डॉक्टरांना विचारून द्या. बाकीच्या वॉर्डांना पण सांगा!” साहेब “थांबा, थांबा” म्हणत राहिले आणि तिने मला बंद केलं.

मी जागा झालो तेव्हा दार बंद होतं. ताई सगळ्यांचे पासवर्ड बदलत होती. डॉक्टरांनी एकेक डोस पुन्हा पाहिला. त्या मुलीचं टिंब जागेवर होतं.

“नशीब!” साहेब म्हणाले. या शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एक परका माणूस त्या पोरीच्या औषधापर्यंत येऊन गेला आणि त्याच्या मनात आलं नाही, म्हणून ती वाचली. नशिबाच्याच भरवशावर राहायचं, तर तिच्या आईने तिला इथे आणलं कशाला?

मित्रांनो, यंत्राने दुरुस्तीसाठी थोडी उसंत मागितली, तर ‘नंतर’वर बोट ठेवू नका. आमचं कौतुक नका करू. धूळ झटका, वेळच्या वेळी बंद करा, आणि आमच्या भरवशावर वर कोण झोपलं आहे ते आठवा.

आज सकाळी साहेब खाली आले होते. पाटीवरचं शून्य त्यांनी रुमालाने पुसलं आणि तिथे ठळक आकड्यात ‘१’ लिहिलं.