न्योमानचे सहा दात

माणूस आईच्या पोटातून नुसता बाहेर पडतो. त्याचा खरा जन्म होतो तो कानशीखाली. वरचे सहा दात सपाट झाले की आतले सहा शत्रू लुळे पडतात, आणि त्या दिवशी जनावराचा माणूस होतो.

हे बोल आमचा शेजारी न्योमान रेंतेग याचे. गावात कुणाच्याही वयात आलेल्या पोराचे नाहीतर पोरीचे दात कानशीने घासायचा सोहळा असला, की मांडवाच्या खांबाला टेकून तो हे ऐकवायचा, तोंडावर हात धरून. तो हात आम्ही विनयाचा समजत होतो. प्रत्यक्षात पन्नाशी उलटली तरी त्याचे स्वतःचे सहाच्या सहा दात देवाने दिले तसेच टोकदार होते.

मग त्याच्याच मुलीचा दिवस उजाडला. लुह सुदार्सी, सतरा वर्षांची. आठवडाभर तिला भात गिळवत नव्हता.

"बाबा, तुमच्या वेळी दुखलं होतं?"

"डास चावल्यासारखं. मला तर मध्येच डुलकी लागली."

त्या डुलकीच्या भरवशावर पोर जरीचं नेसून, केसांत सोन्याची फुलं माळून चौथऱ्यावर येऊन बसली होती.

कानस चालवणारे ग्राना आजोबा तीर्थात हात बुडवून म्हणाले, "या घरात कुणी मोठं राहिलंय का? आधी थोरला, मग धाकटा."

हा प्रश्न रिवाजाचा. त्याला कुणी उत्तर देत नसतं. पण न्योमानची थोरली बहीण पुतू त्याच दिवशी सिंगाराजाहून आली होती, आणि तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची खोड आहे.

"राहिलाय की," ती म्हणाली. "हा काय, खांबाला टेकलाय. आम्हा भावंडांचं झालं तेव्हा हा बांबूच्या बनात पळाला होता. भूक लागली तेव्हा आला परत."

"ताई, आज नको तो विषय."

"मग कधी?"

"मेल्यावर उरका. चितेआधी मढ्यालाही कानस लावतात ना?"

"तेव्हा तू ओरडणार नाहीस. मग मी सिंगाराजाहून कशाला येऊ?"

सगळा मांडव हसला. एकटी लुह हसली नाही.

"म्हणजे डुलकी नव्हती," ती हळूच म्हणाली. पाय खाली सोडून ती चपला शोधायला लागली. केसांतली सोन्याची फुलं एकमेकांवर आपटून किणकिणत होती, इतकी ती थरथरत होती. "मी नाही झोपणार इथे. दुखत नाही असं मला एकट्या बाबांनी सांगितलं होतं."

न्योमानने मागच्या दाराकडे पाहिलं. त्याच्याबरोबर मीही पाहिलं. दार सताड उघडं होतं. पलीकडे डुकराचं मांस भाजत होतं आणि त्यापलीकडे बांबूचं बन होतं.

"बस तू," तो म्हणाला. "मी बघून सांगतो."

तो चौथऱ्यावर आडवा झाला आणि त्याचे गुडघे धरायचं काम माझ्याकडे आलं. दाढांमध्ये उसाचं कांडं बसवलं, तसा तो आढ्याकडे असा बघायला लागला की आढंही घाबरलं असावं. कानस फिरली. तिचा आवाज बाहेर फार येत नाही. आत कवटीभर घुमतो. न्योमानची पावलं बर्फ झाली होती आणि कपाळावरून घाम कानात चालला होता. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर, प्रत्येकाला एकेक दात नेमून दिलाय. भीतीला स्वतंत्र दात नाही, त्यामुळे ती सहाही दातांत राहते.

त्याने हात वर केला. आजोबांनी पिवळं शहाळं पुढे धरलं. "थुंक."

तो थुंकला. "झालं?"

"उजवा सुळा अजून माझ्याकडे बघतोय. पड खाली."

अखेर तो उठून बसला. लुह अजून एका पायात चप्पल घालून उभी होती.

"दुखलं?"



"दुखत नाही," न्योमान म्हणाला. "पण भीती वाटते गं. फार वाटते. आता मेलो, असं वाटतं. आणि मग म्हातारा 'थुंक' म्हणतो."

लुहने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग चप्पल काढली.

"पाय तुम्ही धरायचे. दुसऱ्या कुणी नाही."

ती आडवी झाली. न्योमानने दोन्ही पाय छातीशी धरले आणि डोळे मिटून घेतले. कानस तिच्या दातावर टेकली आणि दचकला हा. तिच्या डोळ्यांतून एक थेंब कानशिलावर उतरला. याच्या डोळ्यांतून किती, ते मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. स्वतःच्या वेळी तो नुसता घाबरला होता. आता त्याचा श्वासच चालेना.

आजोबांनी कानस खाली ठेवली. घंटा वाजली, बायकांनी मंगल गाणं धरलं, तीर्थाचे थेंब उडाले. पुतू पदराआड मुसमुसत होती. मी स्वतः, ज्याला रडायची सवय नाही, आढ्याकडे बघत होतो. न्योमान मात्र डोळे मिटून सगळ्या पितरांना एकेक करून हाक मारत होता.

लुहने तोंडातलं उसाचं कांडं काढलं.

"बाबा," ती म्हणाली, "पाय सोडा ना. बधिर झालेत."