धुतलेलं रगत

डायलिसिसच्या सुया काढून झाल्या तरी सुदाम डाव्या हातावरचा कापसाचा बोळा अंगठ्याने दाबून बसला होता. सिस्टर कविताने वजन लिहून घेतले आणि आता घरी जाऊन झोपणार ना, असे विचारले.

"आज छपरावर चढून कौलं चाळायचीत," तो म्हणाला.

"घरी अजून सांगितलं नाहीत, सुदामभाऊ? मशीनवरून उठल्यावर माणूस जास्तच गळतो. हे असंच राहणार."

त्याने नाही म्हणून मान हलवली. दीड वर्षापूर्वी डहाणूच्या दवाखान्यात दोघे पहिल्यांदा आले, तेव्हा मशीन रक्त धुऊन परत देते, एवढेच त्याच्या बायकोने, रूपीने ऐकले होते. धुतलेली वस्तू नव्यासारखी होते, अशी तिची समजूत. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार हे तिच्या लेखी नवऱ्याच्या ताकदीचे वार ठरले. लाकडे फोडणे, कूड लिंपणे, सारी जड कामे ती या दोन वारांसाठी राखून ठेवी. एरवी सुजलेले पाय घेऊन बसलेल्या सुदामला ती काडी उचलू देत नसे. तिच्या आशेला तेवढाच आधार होता, आणि तो काढून घेण्याची सुदामची छाती झाली नव्हती.

गंजाडला जीपमधून उतरून पाड्यावर पोहोचेपर्यंत तो तीनदा बसला. घराला बांबूची शिडी लावलेली होती. शेजारची सुकी म्हातारी आपल्या ओट्यावर नागली पाखडत होती.

"रूपे, दर आठवड्याला नवा नवरा आणतेस गो," ती म्हणाली. रूपी हसली. बसलास तर अंग जड होईल, असे सांगून तिने शिडी धरली.

तो चढला. चौथ्या पायरीवर गुडघे थरथरू लागले. त्याने कपाळ पुढच्या पायरीला टेकवले. आता त्याला वरही जाता येईना, खालीही येता येईना. ती थरथर बांबूतून रूपीच्या तळव्यांत उतरली.

"दर येळी असाच होतं?" तिने हळूच विचारले.

"हां."

"पयल्यापासून?"

रूपीने त्याच्या कमरेला हात घालून त्याला एकेक पायरी खाली उतरवले, ओट्यावर बसवले. मग लुगडे खोचून ती स्वतः वर चढली. फुटके कौल काढून तिने खाली हात केला. सुदाम उठला, उजव्या हाताने नवे कौल दिले, पुन्हा बसला.

सुकीने पलीकडून विचारले, नवा नवरा बसला कसा?

"त्याचा काम झाला," रूपी वरून म्हणाली. "सकाळपासून मशीनवर होता."

पुढचे कौल मागण्याआधी ती दर वेळी थांबत होती. त्याचा श्वास खाली बसला की मगच तिचा हात छपराच्या कडेवरून खाली येई.