लाल चिठ्ठीची गिटार

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. हेस्टर पिंक्नीच्या कार्यशाळेत भिंतीवर एकूण सात गिटारी टांगलेल्या होत्या आणि त्यांपैकी उजवीकडून तिसरी माझी होती.

तिच्यासाठी मी पंचवीस महिने थांबलो होतो. हेस्टर एकटी काम करते; वर्षाला आठ गिटारी, त्याहून अधिक नाही. क्लनच्या खोऱ्यातल्या एका जुन्या मेथडिस्ट ख्रिस्ती प्रार्थनाघरात तिची कार्यशाळा आहे. बर्नलीहून तिथे पोहोचायला आम्हाला तीन तास लागले. गाडी माझ्या पत्नीने, बेरिलने, चालवली. अलीकडे दूरच्या प्रवासात तीच चालवते, कारण गिअरचा दांडा फार वेळ हाताळला की माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो. एवढे तिला ठाऊक होते. पुढचे मी तिला सांगितले नव्हते.

पुढचे असे. गेली छत्तीस वर्षे दर गुरुवारी आमच्याकडच्या एका पबच्या वरच्या खोलीत बेरिल जुनी गाणी गाते आणि मी तिच्या साथीला गिटार वाजवतो. दुसऱ्या कुणाच्या साथीवर ती गात नाही. मागच्या शरद ऋतूपासून तिसऱ्या गाण्याला माझा अंगठा आखडू लागला. आधी मी तार उतरल्याचे निमित्त केले, मग खोलीत गारठा असल्याचे. शेवटचे तीन गुरुवार मला सर्दी झाली आणि आम्ही गेलोच नाही. नवी गिटार हाताला मानवली तर गुरुवार टिकणार होता. नाही मानवली, तर आता गाणे संपले हे मलाच बेरिलला सांगावे लागणार होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एवढ्या एका वाक्याची तयारी करूनही माणूस थकतो.

"आलात? चहा आधी की गिटार आधी?" हेस्टरने विचारले. तिच्या केसांत भुसा होता आणि उजव्या अंगठ्याला कातडी पट्टा बांधलेला होता.

"गिटार," मी म्हणालो.

"चहा," बेरिल म्हणाली. "पंचवीस महिने दम धरलाय ह्याने. पाच मिनिटांनी काही मरत नाही."

चहा झाला. किटलीमागच्या भिंतीवर तपकिरी कागदावर आखलेले पंजे टाचलेले होते, चाळीसएक असावेत. गिटार बनवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाचा डावा हात हेस्टर कागदावर ठेवायला लावते, भोवतीने पेन्सिल फिरवते आणि त्या पंजावरून गिटारीची मान कोरते. माझा पंजा त्यांत नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने कागद पुढे केला तेव्हा, आपण बालवाडीत नाही, असे मी तिला ऐकवले होते. घरी जाऊन माझ्या जुन्या गिटारीच्या मानेची मापे घेतली आणि रीतसर आराखडा काढून टपालाने पाठवला. मापे सोळा; प्रत्येकात फरकाची मुभा एक दशांश मिलिमीटर. तंत्रविद्यालयातून यंत्रकामाची पदविका घेऊन मी एकेचाळीस वर्षे कारखान्याच्या तपासणी विभागात काढली होती. मापात बसेल त्या भागावर शिक्का, न बसेल त्याला लाल चिठ्ठी. हात आखून वस्तू बनते यावर माझा विश्वास बसणे कठीण होते.

मी खिशातून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे सरकते मोजमापक, काढला.

"अरे देवा," बेरिल हेस्टरला म्हणाली. "लग्नात माझी अंगठी पण मोजली होती ह्याने."

"सैल होती," मी म्हणालो.

सोळाही मापे अचूक भरली. हाताने कोरलेल्या लाकडात असे काम मी पाहिले नव्हते. वरची फळी स्प्रूसच्या लाकडाची, अंग अक्रोडाचे, मानेवरच्या धातूच्या पडद्यांच्या टोकांवरून बोट फिरवले तरी कुठे लागत नव्हते. मी खुर्चीत बसलो आणि वाजवू लागलो. खालच्या तारांचा आवाज प्रार्थनाघराच्या छतापर्यंत जाऊन सावकाश परत येत होता. पहिले गाणे नीट झाले. दुसरेही. तिसऱ्या गाण्यात पाचव्या पडद्यावर चार बोटे एकदम दाबायची असतात. तिथे अंगठा मानेच्या पाठीमागे रुतला आणि सुटेना. उजव्या हाताने मला तो सोडवून घ्यावा लागला.

मग बेरिलने कप खाली ठेवला.

"सर्दी का रे?"

मी अंगठा चोळत राहिलो.

"तीन गुरुवार तुझी सर्दी अंगठ्यात होती तर! आणि मी वेडी सूप करत बसले."

मी पुन्हा व्हर्नियर उचलला. मानेची जाडी पहिल्या पडद्यापाशी, पाचव्यापाशी, नवव्यापाशी घेतली. हेस्टर माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"मिस्टर ऑर्मरॉड, हे दुसऱ्यांदा मोजताय. आणखी किती वेळा मोजलंत म्हणजे ती चुकेल?"

"काहीतरी चुकलेलं असणार."

"आराखडा कोणत्या गिटारीचा होता?"

"माझ्या जुन्या."

"आणि ती कधी घेतलीत?"

ती मी अडतिसाव्या वर्षी घेतली होती. हे बेरिलनेच सांगितले. हेस्टरने नुसती मान हलवली. तिने फार वर्षांपूर्वीच्या एका हातासाठी निर्दोष वस्तू बनवली होती आणि तो हात मी आत आणू शकलो नव्हतो. व्हर्नियर मी खिशात ठेवला. मला घरी जावेसे वाटत होते. मात्र परतीचे तीन तास गाडीत बसायचेही त्राण नव्हते.

हेस्टर उठली आणि डाव्या टोकाची लहान गिटार काढून तिने माझ्या मांडीवर ठेवली.

"ही विकायची नव्हती. लाकूड कोरून कोरून माझेच अंगठे गेलेत, म्हणून माझ्यासाठी केली. तारा आखूड आहेत, ताण कमी लागतो. दिसायला अशीच आहे."

अशीच म्हणजे कशी, ते मला सांगावे लागले नाही. वरच्या फळीत नाण्याएवढी गाठ होती. तिच्याखाली साठ मिलिमीटरची चीर पडली होती आणि आतून पट्टी डकवून सांधलेली होती. नवव्या पडद्यावरचा शिंपल्याचा ठिपका मध्याच्या अर्धा मिलिमीटर डावीकडे होता. कारखान्यात सकाळच्या चहाआधीच मी तिला लाल चिठ्ठी बांधली असती.

"तोंड वाकडं काय करतोस?" बेरिल म्हणाली. "वाजव."

मी वाजवली. आवाज लहान होता. माझ्या गिटारीच्या खालच्या तारांचा तो भरदारपणा हिच्यात नव्हता आणि तो नसल्याचे मला प्रत्येक ओळीत कळत होते. पण तिसऱ्या गाण्यात पाचवा पडदा आला आणि गेला. अंगठा दुखला, रुतला नाही. चौथ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला बेरिल गाऊ लागली. तिला कुणी सांगितले नव्हते. हातात चहाचा रिकामा कप घेऊन ती उभी होती. शेवटच्या ओळीला तिचा श्वास पुरला नाही. तिचेही वय बहात्तर आहे, हे मी कुठे मोजले नव्हते. सहाव्या गाण्याला मी थांबलो.

"मग तुम्ही काय वाजवणार?" मी हेस्टरला विचारले.

"वाजवायला वेळ कुणाला आहे? आणखी एक करीन, जमेल तेव्हा."

तिचा नियम ठरलेला आहे. सांगून बनवून घेतलेली गिटार न्यायला आलेल्या दिवशी नाकारता येते. मग ती यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाते. पुढची व्यक्ती श्रूझबरीची एक शिक्षिका होती, चौतीस वर्षांची. उजवीकडून तिसऱ्या खुंटीवर माझी गिटार परत टांगली होती. सोळापैकी सोळा. मी तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

"ती त्यांना देऊन टाका," मी म्हणालो. "ही मी घेतो."

"मग हात आणा," हेस्टर म्हणाली आणि तिने कागद पुढे केला.

या वेळी मी पंजा कागदावर ठेवला. पेन्सिल बोटांमधून गुदगुल्या करत गेली. अंगठा जिथे टेकतो तिथले लाकूड कमी करायला तिला दोन तास हवे होते. आम्ही गाडीत जाऊन बसलो. बेरिलने मांस भरलेला पोर्क पाय कापला आणि थर्मासमधला चहा ओतला.

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गाणं सोडलं असतंस."

"सोडलंच असतं. आणि तू न सांगता तीन आठवडे सोडायला लावलंस. आता ह्यात तुझं काय वाचलं, ते मोजून सांग बघू."

मी माझा तुकडा खाल्ला. ती पुढे म्हणाली, "मला वरच्या पट्टीत आता जमत नाही. दोन वर्षं झाली."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुला वाजवायला ती पट्टी सोपी जाते ना, म्हणून."

समोर कुंपण होते. पलीकडे मेंढ्या होत्या. हसायला हवे होते, पण तेवढा उत्साह कुणातच उरला नव्हता. बेरिलने पोर्क पायचा उरलेला तुकडा माझ्या कागदावर सरकवला.

दोन वाजता आत गेलो तेव्हा हेस्टर मानेला तेल चोळत होती. दोन दिवस कापडाने पुसत राहा, असे तिने सांगितले. मी गिटार धरली. अंगठ्याखाली एक उथळ खळगा लागला. कोणत्याही आराखड्यात मी तो दाखवला नसता. किटलीमागे माझा पंजा टाचलेला होता, खाली नाव आणि तारीख. तर्जनी पुरती सरळ नव्हती आणि अंगठ्याच्या बुडाशी रेषा फुगलेली होती. तिथे बाण काढून माप लिहावे, असे मला वाटले. मी लिहिले नाही.

घरी येईपर्यंत अंधार पडला. पुढचा आठवडा आम्ही सगळी गाणी खालच्या पट्टीत बसवण्यात घालवला.

गुरुवार, २० मार्च, पबची वरची खोली. ठरवलेली गाणी चौदा, वाजवलेली नऊ.