थांबायचं कुठं, ते आधी

त्या रविवारी माढेकर मास्तरांच्या घरात विशेष असं काहीच घडलं नाही. आईनं भाकरी थापल्या, शेंगांची चटणी कुटली, नळाला पाणी उशिरा आलं म्हणून नगरपालिकेचा उद्धार केला. शेजारच्या निंगप्पांचा रेडिओ नेहमीसारखा खरखरत राहिला. आणि जेवणं उरकल्यावर खिडकीजवळच्या टेबलाशी दोन खुर्च्या समोरासमोर ओढून बापलेक कामाला बसले.

काम मोठं विचित्र होतं. मास्तरांची लेक शकुंतला मुंबईला एका संशोधन संस्थेत नोकरीला होती. तिथं खोलीभर पसरलेलं एक गणकयंत्र होतं, आणि त्या यंत्राशी बोलायच्या ज्या भाषा होत्या त्यांतली एक लिस्प नावाची. त्या भाषेची इंग्रजीतली संदर्भपुस्तिका संस्थेनं मागे घाईघाईत काढली होती. ती वाचून कुणाला काही कळत नाही, अशी ओरड झाली, तेव्हा तिची सुधारित आवृत्ती करायचं काम विभागप्रमुखांनी शकुंतलेच्या गळ्यात घातलं. तेव्हापासून, सत्त्याहत्तर सालभर आणि अठ्ठ्याहत्तरचा हिवाळा सरेपर्यंत, जमेल त्या शनिवारी ती टाइप केलेल्या पानांचं बाड घेऊन सोलापूरच्या फलाटावर उतरायची.

या भाषेत यंत्राला ‘आधी हे कर, मग ते कर’ असे हुकूम सोडत नाहीत. सगळं गणितातल्या फलासारखं, म्हणजे फंक्शनसारखं. काहीतरी द्यायचं, त्याचं उत्तर घ्यायचं, ते उत्तर दुसऱ्याच्या पोटात घालायचं. पोटात पोट, त्याच्याही पोटात पोट, आणि प्रत्येक पोटाला दोन कंस, एक उघडणारा आणि एक मिटणारा. उदाहरणाच्या शेवटी तर मिटणाऱ्या कंसांची नुसती रांग लागायची. टाइपिस्टबाई कंटाळून त्यातला एखादा गाळायच्या, नाहीतर उदार होऊन एखादा जास्त द्यायच्या.

अण्णांनी, म्हणजे मास्तरांनी, गणकयंत्र जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्यांनी हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात हयात घालवली होती आणि दुसऱ्याचा मजकूर तपासायची खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. घरी लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेन्सिल उचलायचे, मग आहेराचं बघायचे. कंस जुळवायची युक्तीही त्यांचीच. शकुंतला आपल्या हातच्या कागदावरून वाचायची, अण्णा टाइप केलेल्या पानावर डोळा ठेवायचे. ती ‘उघड’ म्हणाली की ते एक बोट मिटायचे, ‘झाक’ म्हणाली की एक बोट सोडायचे. डावा हात पुरला नाही तर पेन्सिल कानावर ठेवून उजवा. उदाहरण संपताना मूठ पुरती सुटली पाहिजे. एक बोट जरी मिटलेलं राहिलं, तरी पान चुकलं.

“उघड, उघड, झाक, उघड…” हे तासभर चाललं की निंगप्पांना राहवायचं नाही. त्याही दिवशी ते कठड्यावरून डोकावले.

“काय मास्तर, बापलेक कवाधरनं काय उघडताय नि काय झाकताय? डब्यात चिवडा हाय काय?”

“चिवडा असता तर तुम्हाला आधी वास लागला असता, निंगप्पा.”

“मग कशाला उगं डबा वाजवताय?” म्हणत निंगप्पा आत गेले, आणि रेडिओ थोडा मोठा झाला.

अण्णा हसले. मग चष्मा पुसता पुसता सहज विचारल्यासारखं म्हणाले, “शकू, एवढं हुशार यंत्र तुमचं. त्याला कंस मोजता येत नाहीत होय?”

“त्याला कुठं डोळे आहेत, अण्णा?”

अण्णांनी चष्मा नाकावर चढवला आणि त्यावरून तिच्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाले, आणि पुढचं बोट मिटलं.

खरी गोष्ट अशी होती, की यंत्राला कंस मोजता यायचे. दुसरं काही येवो न येवो, ते नक्की यायचं. उदाहरण कार्डांवर पंच करून आत घातलं आणि एखादा कंस कमी असला, तर कुठं कमी आहे ते यंत्र कागदावर छापून द्यायचं. नव्या आवृत्तीत तर यंत्रानं छापलेली उदाहरणंच कापून पानांवर चिकटवायची, असं पहिल्या बैठकीत ठरून गेलं होतं. अण्णा तासन्‌तास बोटं मिटून जे करत होते, त्याची संस्थेला गरज नव्हती.

पण शहात्तर साली, निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळीत, शकुंतला घरी आली होती, तेव्हा अण्णा याच खिडकीत दुमडलेलं वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसलेले तिनं पाहिले होते. पेपर वाचून झाला होता आणि पुढं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. तिच्या पिशवीतलं एक पान त्यांनी नुसतं चाळा म्हणून उचललं, आणि दोन मिनिटांत लाल पेन्सिल शोधत कपाटाशी गेले. तेव्हापासून ती पानं आणत राहिली. अण्णांशी सरळ जाऊन नुसतं बसावं, अशी रीत त्या घरात नव्हती. बसायला काहीतरी काम लागायचं. पुस्तिका छापून हातात आली की सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. तेव्हा दोघंही हसतील.

चहा झाल्यावर भांडण लागलं, तेही नेहमीप्रमाणेच. अण्णांनी एका व्याख्येवर लाल रेघ ओढली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“हे काय आहे? यादीची लांबी म्हणजे उरलेल्या यादीची लांबी, अधिक एक. लांबी म्हणजे काय, तर लांबी! अशा उत्तराला मी आठवीच्या पोरांना भोपळा दिलाय. न्यायशास्त्रात याला आत्माश्रय दोष म्हणतात. माणूस स्वतःच्याच खांद्यावर कसा बसेल?”

“या भाषेत बसतो, अण्णा. हाच तर तिचा जीव आहे.” शकुंतलेनं इकडं तिकडं बघितलं आणि भाकरीची दुरडी पुढं ओढली. “यात किती भाकरी आहेत ते मला मोजायचंय. मी वरची एक काढून घेते आणि दुरडी तुमच्याकडे देते. तुम्ही सांगाल त्यात मी एक मिळवणार. तुम्हीही तेच करायचं. एक काढायची आणि दुरडी आईकडे द्यायची.”

“भाकरीला हात लावू नगासा. रातच्याला पुरवायच्यात,” आई आतून म्हणाली. माहेर मंद्रूपचं, आणि ते तिच्या जिभेवरून कधी पुसलं गेलं नव्हतं.

“आणि दुरडी रिकामी झाली की?” अण्णांनी विचारलं.

“मग शून्य. रिकाम्या दुरडीपाशी थांबायचं. तिथून एकेक मिळवत उत्तर मागे येतं.”

अण्णांनी दुरडी जरा बाजूला सरकवली. मग पान पुन्हा वाचलं. “हे थांबायचं तू लिहिलंयस कुठं?”

“आहे की. वर्णनाच्या शेवटच्या ओळीत. उदाहरणात तर पहिलंच आहे.”

“म्हणजे यंत्रापुरतं सुलट लिहिलंस आणि माणसापुरतं उलट. वाचणारा तोवर विहिरीत उतरून बसला, आणि मग तू वरून सांगतेस की बाबा, तळ आहे. थांबायचं कुठं ते आधी सांगावं, शकू. चालायचं कसं ते मग. म्हणजे मी रेघ मारणार नाही.”

“जगातल्या सगळ्या पुस्तिका असंच लिहितात.”

“जगातल्या सगळ्या पुस्तिका मी तपासलेल्या नाहीत.”

ती हट्टाला पेटली, तेही पेटले. शेवटी अण्णांनी ते पान काचेच्या वजनाखाली सरकवलं. “हे इथंच राहू दे. पुढच्या खेपेला भांडू. गाडी चुकेल.”

स्टेशनवर ते टांग्यातून आले. चटणीची पुडी वरच्या कप्प्यात ठेव, खाली ठेवलीस तर कागदांना तेल लागेल, एवढंच म्हणाले. मेल हलली तेव्हा ते फलाटावरच्या वेळापत्रकाच्या फळ्यावर कुठलीशी चूक शोधत उभे होते.

मंगळवारी संस्थेत तार आली.

अण्णा सकाळी दूध घेऊन आले, पातेलं आईच्या हातात दिलं, खुर्चीत टेकले आणि गेले. निंगप्पांनी डॉक्टर आणला तोवर दूध उतूही गेलं नव्हतं, असं आई आल्यागेल्याला सांगायची. शकुंतला ऐकत राहायची. ती रडली नाही असं नाही, पण नळाला पाणी आलं की मोरीत जाऊन, बादली भरता भरता रडायची.

तेरावा झाला. पंढरपूरची मंडळी गेली, अकलूजची आत्या गेली. घरात मायलेकी उरल्या. दुपारी गिरणीचा भोंगा झाला, तेव्हा शकुंतला पहिल्यांदा टेबलाकडे गेली. विभागप्रमुखांचं सांत्वनाचं पत्र आलं होतं. पुस्तिकेची घाई नाही असं त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं, म्हणजे घाई होती. काचेच्या वजनाखाली ते पान तसंच होतं. लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ती बसली. कोरा कागद घेतला आणि पहिलं वाक्य लिहिलं: यादी रिकामी असेल तर लांबी शून्य, आणि तिथं थांबायचं. मग उरलेलं, आणि खाली कंसांसकट उदाहरण. लिहून झाल्यावर वाचून बघितलं. अण्णांचं बरोबर होतं का, हे तिला अजूनही ठरवता येईना. कुणी म्हणेल असं चांगलं, कुणी म्हणेल तसं. पण ते पान आता भांडायला कुणी नसलेलं पान होतं, आणि तिला ते अण्णांच्या मनासारखंच हवं होतं.

आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. “लिवलंस?”

“लिहिलं.”

“मग वाचून बगायला कोणतरी पायजे की.”

“तुला इंग्रजी कुठं येतं, आई?”

“इंग्रजी न्हाय येत. बोटं मिटता येतात की. वरीसभर बगतेय मी.” अण्णांच्या खुर्चीत आई बसली नाही. तिनं पाट ओढला, भिंतीला टेकली आणि डावा हात मांडीवर उघडा ठेवला. बांगड्या नसलेला हात. “वाच.”

शकुंतलेला वाचवेना. आईच म्हणाली, “एकदा ह्यांनी मला इचारलं हुतं. म्हणाले, हिला माझं काम खरंच लागतंय का ग? का उगं आपलं?”

शकुंतलेचा हात कागदावरच थांबला. “कधी?”

“गेल्या दिवाळीच्या सुमाराला.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्या काय म्हणू? म्हटलं, लागत नसतं तर पोरगी येवडं ओजं वाहून आणंल का? हसले. पेन्सिलीला टोक करत बसले.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं? की नव्हतं? ते ‘बरं’ कसलं होतं? शकुंतलेनं तो रविवार पुन्हा आठवून पाहिला. चष्म्यावरून आलेली ती नजर, निंगप्पांचा रेडिओ, मिटलेलं पुढचं बोट. त्यातून काही निघेना.

“वाच की ग,” आई हळूच म्हणाली.

ती वाचू लागली. “उघड,” आईचं एक बोट मिटलं. “उघड. उघड. झाक.” आईचं बोट जरा उशिरा सुटायचं, पण सुटायचं. रिकामी यादी, शून्य, झाक. मग उरलेल्या यादीची लांबी, उघड, उघड, अधिक एक. शेवटच्या ओळीला मिटणाऱ्या कंसांची रांग आली. झाक. झाक. झाक. आणि शकुंतला तिथंच थांबली.

पलीकडे निंगप्पांचा रेडिओ सुतकापासून बंदच होता. आई तशीच बसून राहिली, एक बोट मिटलेलं. “एक ऱ्हायलं बग,” ती म्हणाली. “चुकलं का काय?”

“चुकलं नाही.” कागदावर कंस होता. तेवढाच वाचायचा राहिला होता.

शकुंतलेनं कागद खाली ठेवला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तिनं बघितलं, आणि कुणी बसलेलं असावं अशा बेतानं, फार मोठ्यानं नाही, पण आईला स्पष्ट ऐकू जाईल असं म्हणाली, “अण्णा, कंस यंत्र मोजतं. पहिल्यापासून मोजतं. मी तुमच्यापाशी बसायला येत होते.”