दर सेकंदाची तपासणी

"सर्व्हर रांगतोय आणि तुम्ही त्या काळ्या स्क्रीनकडे बघत काय बसलाय?" साहेब सगळ्यांसमोर ओरडले. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा! दातओठ खात त्यांनी कमांड टाकली. प्रोसेसर निवांत होता. दुसरी कमांड टाकली, तर डिस्क शंभर टक्के गुंतलेली, आणि एकच प्रोग्राम तिला ओरबाडत होता.

"सापडला का चोर?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सर्व्हर हळू चालतोय का, हे दर सेकंदाला सगळ्या फायली वाचून तपासणारा तो प्रोग्राम होता. बाई नको नको म्हणत असताना साहेबांनीच तो काल हट्टाने बसवून घेतला होता.

"बंद करू," बाईंनी विचारलं, "की अजून ओरडायचंय?"