सदतीस अंशांची ऊब

मित्रांनो, मी एक जुना इनक्युबेटर आहे. नवजात बाळांना ठेवतात तो नव्हे, एवढा मान माझ्या नशिबी नव्हता. मी पेशी वाढवतो. माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी पोषक द्रवात बुडवून माझ्या पोटात ठेवतात आणि मी त्यांना अंगाइतकीच ऊब देतो, सदतीस अंश. कारखान्यातून निघालो तो थेट या वैद्यकीय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आलो. तेव्हा प्रोफेसर मला येणाऱ्या-जाणाऱ्याला असे दाखवत, जणू मी नवा जावईच.

मग एका मुलाच्या पेशी माझ्याकडे आल्या. त्याला हाडाचा दुर्मीळ कर्करोग होता. पेशी सांभाळायचं काम एका तरुण संशोधक मुलीकडे होतं. तिला सगळे 'चिकाटी' म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. पेशी भारी हट्टी, वाढायचं नाव घेत नसत. ती द्रव बदलायची आणि पुन्हा वाट बघायची. मुलगा वाचला नाही. पेशी मात्र तगल्या.

त्याची आई शिवणकाम करायची. मुलाच्या वाढदिवशी ती दर वर्षी येऊ लागली. चिकाटी तिला सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवायची. आई बराच वेळ बघायची, मग माझ्या काचेच्या दाराला तळहात लावून म्हणायची, "अंग कोमट आहे त्याचं." कुणी हसायचं नाही. खरं सांगतो, त्या एका हातासाठी मी वर्षभर राबायचो.

आता घात कसा झाला ते ऐका. माझ्या वरच्या फळीवर प्रोफेसरांच्याही पेशी होत्या. अनेक प्रयोगशाळा फिरून आलेल्या, खादाड, झपाट्याने वाढणाऱ्या. एका दुपारी त्यांना बैठकीची घाई होती. त्यांची द्रवाची बाटली संपली होती, म्हणून त्यांनी चिकाटीची उघडली आणि आपल्या पेशींत बुडवलेली नळी तशीच त्या बाटलीत घातली. क्षणभर थबकले.

"एवढ्याने काय होतं?" ते स्वतःशीच म्हणाले आणि बाटली जागेवर ठेवून निघून गेले.

नळीला लागलेल्या थेंबाबरोबर दोन-चार खादाड पेशी बाटलीत उतरल्या आणि बाटलीतून मुलाच्या पेशींत. पाहुण्या म्हणून शिरल्या आणि घरच्यांच्या ताटातलं ओढून खाऊ लागल्या. घरचे उपाशी मरू लागले. बाहेर मात्र आनंदीआनंद. इतकी वर्षं रखडलेल्या पेशी एकदम वाढू लागल्या म्हणून प्रोफेसरांनी सगळ्या विभागाला चहा पाजला. चिकाटी तर आनंदाने रडलीच. पुढे शोधनिबंध झाले, पुरस्कार मिळाला, प्रोफेसरांनी माझ्यावर कोपर टेकवून फोटो काढून घेतला. लोकांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तेही चढले.

मग शोधनिबंध छापणाऱ्या एका मासिकाने पेशींची ओळख पटवणारी चाचणी मागितली. चिकाटीने त्या मुलाच्या जपून ठेवलेल्या रक्ताशी ताडून पाहिल्या. मेळ बसेना. तिने गोठवलेल्या जुन्या कुप्या शोधल्या, पण त्या सुरुवातीच्या प्रयोगांतच संपल्या होत्या. प्रोफेसर म्हणाले, कुठे वाच्यता नको, विभागाची अब्रू जाईल. आईलाही सांगायचं नाही. तिला कुठे फरक कळतो? "बघू दे की तिला," ते म्हणाले. "एवढ्याने काय होतं?"

वाढदिवशी आई आली. नेहमीसारखी सूक्ष्मदर्शकाशी वाकली, तेव्हा चिकाटीने त्यावर हात ठेवला.

"काकू, या त्याच्या नाहीत. त्याच्या मेल्या आणि दुसऱ्याच वाढत राहिल्या. आम्हाला कळलंच नाही."

आई स्टुलावर बसली. तिने विचारलं, "मग तो गेला कधी?"

ती दवाखान्यातल्या तारखेबद्दल विचारत नव्हती, हे चिकाटीलाही समजलं. आई उठून माझ्यापाशी आली, हात उचलला आणि दाराला न लावताच खाली घेतला. पुन्हा ती कधी आली नाही.

चौकशी झाली. बाटली चिकाटीची, म्हणजे चूकही तिचीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिला जावं लागलं. पुरस्कार अजून भिंतीवर आहे आणि मी बाहेरच्या बोळात, वायर गुंडाळलेला, डोक्यावर रिकामी खोकी घेऊन उभा आहे. मला प्रोफेसरांचा राग येतो आणि स्वतःचाही. घरच्या लेकराला आणि घुसखोराला मी सारखीच ऊब दिली.

मित्रांनो, कुणी आपलं माणूस विश्वासाने तुमच्या हाती सोपवलं, तर कितीही घाई असली तरी नळी बदला. चूक झालीच तर त्याच दिवशी सांगा. एवढ्याने काय होतं, असं म्हणू नका. त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर फक्त मला ठाऊक आहे, आणि मला बोलता येत नाही. प्रयोगशाळेत आनंदाचा चहा फिरत होता ना, त्याच दुपारी तिच्या मुलाची शेवटची पेशी माझ्या पोटात मेली.