दोन्ही घेतलं की प्रश्न मिटतो

आमच्या घरात वर्षानुवर्षं एकच भांडण चालायचं: मी पुढे काय शिकायचं. बाबा म्हणायचे कॉम्प्युटर सायन्स, आई म्हणायची बिझनेस. पोळ्या लाटताना, भांडी पुसताना, परदेशातल्या आमच्या या हूफडॉर्प गावाच्या स्टेशनवर बसची वाट बघताना, कुठेही सुरू व्हायचं.

"राघव, तुझ्या ऑफिसात जन्मभर कोड लिहिलेला माणूस काल आलेल्या मॅनेजरपुढे मान खाली घालून उभा असतो," आई म्हणायची.

"आणि तो मॅनेजर दर दोन वर्षांनी नवी नोकरी शोधत फिरतो, ते नाही दिसत तुला, कुमुद?"

मी मध्ये बसून जेवायचे. मला कोणी विचारायचं नाही. "चैत्राली, भाजी घे," एवढंच माझ्या वाट्याला.

मग ऑक्टोबरात आईला कोविड झाला. फार नाही, घरच्या घरीच. आमचे इथले डॉक्टर फोनवर म्हणाले, पॅरासिटामॉल घ्या, आराम करा. त्यांच्याकडे पाय मोडून गेलात तरी ते हेच सांगतील. ताप गेला, चाचणी निगेटिव्ह आली, पण आई काही उठली नाही. आंघोळ केली की दिवसभर आडवी. उजेड नको, आवाज नको, मोबाइल नको. जवळच्या स्किपोल विमानतळावरची विमानंही जवळजवळ बंद होती, त्यामुळे घर इतकं गप्प झालं की फ्रीजचा आवाज यायचा.

मला काही वाटत नव्हतं. शाळेत जायचे, यायचे, मास्क धुवायचे. ओळखीचे लोक फोनवर म्हणायचे, पोरगी खंबीर आहे हो. खंबीर कसली डोंबलाची! आत नुसता भुसा भरला होता.

बाबांना भांडायला कोणी उरलं नाही. मग ते एकटेच दोन्ही बाजूंनी बोलायला लागले. "कॉम्प्युटर घे," म्हणायचे, आणि चहाचा घोट घेऊन, "पण तुझी आई म्हणते त्यातही तथ्य आहे." त्यांची कीव यायला हवी होती. मला वैताग यायचा, आणि तोही कुठूनतरी लांबून.

एप्रिल आला. महिनाअखेरपर्यंत युनिव्हर्सिटीत नाव नोंदवायचं होतं. मी आईच्या खोलीत गेले. पडदे ओढलेले, ती भिंतीकडे तोंड करून.

"आई, मी कॉम्प्युटर सायन्सला जातेय."

"बरं," ती म्हणाली.

मी थांबले. पूर्वी या एका वाक्यावर तिने लाटणं आपटलं असतं. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, बिझनेस घेते. तेव्हाही बरं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, शिकतच नाही, बेकरीत पाव विकते.

"बरं, बाळा."

मी दार लावून घेतलं आणि खाली येऊन टोस्ट खाल्ला. ही बाई आमची आई नव्हेच, असं मनात आलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

शाळेतल्या मेंटॉरने सांगितलं की दोन्ही विषयांची एकत्र डबल डिग्री असते, अभ्यास मात्र दुप्पट. बाबा इतके खूश झाले की विचारू नका. "दोन्ही घेतलं की प्रश्नच मिटला! कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही." मी नाव नोंदवून टाकलं.

इथे नाव नोंदवलं की युनिव्हर्सिटी एकदा बोलायला बोलावते, आपली निवड विचार करून केलीय का ते बघायला. त्या वर्षी ते लॅपटॉपवर होतं. मी स्वयंपाकघरात बसले. समोरची बाई गोड होती. तिने विचारलं, कॉम्प्युटर कशासाठी? मी बाबांची वाक्यं म्हटली. बिझनेस कशासाठी? आईची म्हटली. दोन्हीतलं एकच घ्यावं लागलं तर? मी म्हटलं, दोन्हीला आपापलं महत्त्व आहे. फार छान विचार केलायस, असं म्हणून बाईने मला टाटा केला.

लॅपटॉप बंद केला, वळले, तर दारात आई. चौकट धरून उभी. आमच्याकडे खालचं सगळं जिन्यातून वर ऐकू जातं.

"ती बाई प्रश्न तुला विचारत होती," आई म्हणाली, "आणि उत्तरं मी आणि राघव देत होतो. तू कुठे होतीस?"

"तू जाऊन झोप."

"झोपते. आधी सांग, आम्हाला खूश करायला दोन-दोन डिग्र्या? डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग काय करू? तुला विचारायला आलं की बरं, बरं, बरं! तुला काय पडलंय माझं?"

"मला पडलेलं नाही?" तिचा आवाज चढला. बाबा कानांवरचा हेडफोन काढत धावत आले, "कुमुद, हळू, हळू."

"तू गप्प बस, राघव!"

अगं आई गं, किती बरं वाटलं मला ते ऐकून! अंगात कोणीतरी हीटर लावल्यासारखं झालं. तिला हे झेपणार नाही हे कळत होतं, तरी मी मुद्दाम आणखी चिडवलं. "हो, नाहीच पडलेलं!"

"मग बोल ना, तुला काय हवंय? तुला स्वतःला!"

आणि माझ्या तोंडून दही निघालं. दर शनिवारी मी सुपरमार्केटात फळ्यांवर माल लावते. दर वेळी दह्याचे डबे जास्त येतात, दर वेळी आम्ही ते फेकतो. मॅनेजर म्हणतो, सिस्टिम मागवते, मी काय करणार. सिस्टिम बनवणाऱ्याने आमचं दुकान कधी पाहिलेलं नाही, आणि मॅनेजरला माहीत नाही सिस्टिम काय बघून मागवते. "मला संताप येतो त्याचा," मी म्हटलं. "मला दोन्हीकडचं कळायला हवंय. त्या बाईला काय दह्याचं सांगू?"

आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिचे गुडघे वाकले. बाबांनी धरलं म्हणून, नाहीतर फरशीवरच पडली असती.

त्यानंतर तिला उशीवरून मान उचलता येईना. बाबा चमच्याने भाताची पेज भरवायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. मला भांडण हवं होतं म्हणून मी आईला आजारी पाडलं होतं, आणि हे आता सगळं जाणवत होतं. नाव मागे घ्यावं की ठेवावं, काही सुचत नव्हतं. कशाला हवंय ते शिक्षण, असं झालं होतं.

एका दुपारी बाबांची मीटिंग होती म्हणून पेज घेऊन मी गेले. आई डोळे मिटून होती. मी वाटी ठेवली.

"ते दही," आई म्हणाली.

"काय?"

"सिस्टिमचा दोष नाही." ती थांबली, श्वास घेतला. "मॅनेजर आळशी आहे. फोन उचलून सांगायचं, कमी पाठवा. त्याला कॉम्प्युटर कशाला शिकायला हवं? बिझनेस पुरे."

म्हणजे इतके दिवस त्या अंधारात ती माझ्या दह्याचाच विचार करत पडली होती.

"आई, तुला त्यातलं काहीएक कळत नाही," मी म्हटलं. "मी दोन्ही घेणार आहे."

"नाही झेपणार तुला."

"झेपेल."

"हट्टी कार्टी," ती पुटपुटली. "अजून तीन मुद्दे आहेत माझे. उद्या सांगते. आत्ता दम नाही."

मी हो म्हटलं, तिला होती तेवढी पेज भरवली, आणि बाहेर येऊन जिन्यावर बसून ढसाढसा रडले.